एका रुमालातले 41 कागद

14 नोव्हेंबर 2021 रोजी, औरंगाबादेत भरलेल्या नाणी व तिकिटांच्या एका प्रदर्शनात, मी आयुष्यातील पहिली ऐतिहासिक सही विकत घेतली. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांची ती सही आहे, असे मला सांगण्यात आले होते. साडेसहा हजार रुपये रोख मोजले, पावती मागितली नाही, आणि अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत एसटीत तो लिफाफा मांडीवरून खाली ठेवला नाही. तीन महिन्यांनी ती खोटी असल्याचे कळले. तेव्हापासून मे 2025 पर्यंत, म्हणजे जवळपास साडेतीन वर्षांत, जे शिकावे लागले ते क्रमाने लिहून ठेवतो आहे, कारण सुरुवात केली तेव्हा कोणता प्रश्न कोणाला विचारायचा हेच मला ठाऊक नव्हते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही. निजामाच्या राज्याची हाली शिक्क्याची नाणी आणि तिकिटे जमवण्याचा छंद मात्र शाळेपासूनचा आहे. आमचे अंबाजोगाई म्हणजे निजामाच्या अमदानीतले मोमिनाबाद. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेच्या घोडदळाची छावणी इथे होती. जालना, हिंगोली आणि औरंगाबाद इथेही तिच्या छावण्या होत्या. ज्या रस्त्याने मी रोज महाविद्यालयात जातो, त्याच रस्त्याने दीडशे वर्षांपूर्वी शिलेदारांची घोडी गेली असतील, या विचाराने त्या काळचा एखादा कागद आपल्याजवळ असावा असे वाटू लागले.

सालारजंगांचीच सही हवी, हाही माझाच हट्ट. मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, 1853 पासून 1883 मध्ये निधन होईपर्यंत निजामाचे दिवाण होते. 1857 चा उठाव आणि 1865 ची जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, ही दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतली. मराठवाड्यातील आजच्या जिल्ह्यांची पाळेमुळे त्या जिल्हाबंदीत आहेत. मला विकलेला तुकडा चार बोटे लांब होता आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. विक्रेता म्हणाला होता, "पत्राला कोणी विचारत नाही सर, म्हणून आम्ही सही तेवढी कापून घेतो." हे वाक्य तेव्हा मला खटकले नाही. आज ते आठवले की जीव हळहळतो.

फेब्रुवारी 2022 मध्ये दहापट मोठे दाखवणारे भिंग साडेचारशे रुपयांना आणि अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी सहाशे रुपयांना घेतली. बोरूने किंवा पोलादी टाकाने लिहिलेल्या अक्षराच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद असतात, दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे शाई साचते, आणि शाई कागदाच्या धाग्यांबरोबर किंचित पसरते. माझ्या तुकड्यावर यातले काहीच नव्हते. सगळी काळी रेघ एकसारखी, सपाट, छापल्यासारखी होती. अंधाऱ्या खोलीत विजेरीखाली धरताच कागद निळसर पांढरा चमकू लागला. कागद असा चमकवणारी रसायने विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आली. जुना हातकागद तसा चमकत नाही. विक्रेत्याला फोन लावला, तर तो क्रमांक बंद होता. पावती नसल्याने पुढे काही करता आले नाही. एक हजार पन्नास रुपयांची ही दोन साधने सहीच्या आधी घेतली असती तर साडेसहा हजार वाचले असते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिली खरेदी याच दोन वस्तूंची करायला सांगतो.

खरी सही कशी असते ते डोळ्यांनी पाहावे म्हणून मे महिन्याच्या सुटीत परळीहून रेल्वेने हैदराबादला गेलो आणि तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात चार दिवस बसलो. प्राचार्यांचे शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत आणि विषय स्पष्ट लिहिलेला अर्ज सोबत नेला होता. तिथे माझी समजूतच बदलली. रेसिडेंटला, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रजांच्या प्रतिनिधीला, पाठवायच्या इंग्रजी पत्रांवर सालारजंग रोमन अक्षरांत सही करीत, पण राज्याच्या अंतर्गत फारसी कागदांवर मान असे तो मोहरेला, म्हणजे नाव कोरलेल्या शिक्क्याला. मोहरेवर हिजरी सन असतो, परंतु तो मोहर कोरल्याचा सन असतो, कागद लिहिल्याचा नव्हे. एकच मोहर माणूस वर्षानुवर्षे वापरी. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक संग्राहक आपले कागद दहा-वीस वर्षे मागे ढकलतात. शिवाय मोहरेतील शब्द एकावर एक रचलेले असतात आणि ते बहुधा खालून वर वाचावे लागतात.

गावपातळीवर तर सहीची कल्पनाच वेगळी होती. कुलकर्णी पाटलाचे नाव लिही आणि त्यापुढे पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. बाईची निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या माणसाने आपला शब्द बांधून दिल्याची ती खूण आहे. तिला मी कोणत्याही दिवाणाच्या सहीइतकेच मोल देतो. बाजारात मात्र नांगराच्या निशाणीला गिऱ्हाईक नाही, म्हणून असे कागद सर्वांत आधी रद्दीत जातात.

त्याच वर्षी डिसेंबरात एका माणसाने मोबाइलवर एका पत्राचे छायाचित्र पाठवले: 'असईच्या लढाईचे पत्र, वेलिंग्टनच्या सहीचे', किंमत एक लाख पंच्याऐंशी हजार. असई आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला आहे, आणि 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईचे नेतृत्व इंग्रजांकडून आर्थर वेलस्लीने केले, हे खरे आहे. परंतु 'वेलिंग्टन' हा किताब त्याला 1809 मध्ये मिळाला. 1803 ची तारीख आणि खाली वेलिंग्टन ही सही एका कागदावर असूच शकत नाही. मी एवढेच उत्तर पाठवले. पुढे त्याचा निरोप आला नाही. मोठे नाव दिसले की त्या माणसाला तो हुद्दा किंवा किताब कोणत्या वर्षी मिळाला ते आधी पाहावे. भिंगाचीही गरज लागत नाही.

दुसरा टप्पा सुरू झाला 9 जून 2023 रोजी. आमच्याच तालुक्यातील एका रद्दीच्या दुकानात मी जुनी स्टॅम्पपेपरची पाने चाळत बसलो होतो. दुकानदाराने विचारले, "सर, काय शोधायलात?" मी सांगितले. त्याने आतून एक गाठोडे, म्हणजे जुने कागद बांधून ठेवायचा खारव्याच्या जाड कापडाचा रुमाल, आणून ठेवले. तांबडा रंग विटून विटकरी झाला होता, गाठ इतकी घट्ट की ती सोडवायला दहा मिनिटे लागली, आणि आत वेखंडाची दोन वाळकी कांडे होती. कागदाला कसर लागू नये म्हणून ती ठेवणारा माणूस जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली असतील, पण वास थोडा शिल्लक होता. मोडीचे लांबट कागद, दोन-तीन फारसी, आणि मधोमध घडी घातलेला निळसर इंग्रजी कागद. मला त्यातला इंग्रजी कागद हवा होता. दुकानदार म्हणाला, "न्यायचं तर सगळं न्या, मला निवडत बसायला टाइम नाही." त्या अटीबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे. बारा हजारांत सौदा झाला. घरी मोजले तेव्हा 41 कागद भरले.

या वेळी पावती घेतली. पावतीवर कागदांची संख्या, तारीख आणि गाठोडे कोठून आले ते लिहून घेतले. शेजारच्या गावातील एक वाडा पाडताना ते निघाले होते. पुढच्या रविवारी मी त्या घरी गेलो. मालकीण सत्तरी ओलांडलेल्या आजी. त्यांच्या मुलाने रद्दीबरोबर गाठोडे दिले होते, हे त्यांना ठाऊक होते. मी गाठोडे परत देण्याची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "आम्हाला काय वाचता येईना बाबा. तू वाच, अन् आमच्या घराचं काय लिहिलंय तेवढं मला येऊन सांग." त्यांच्या मुलाने साध्या कागदावर संमतिपत्र लिहून दिले. कागद कोणत्या घरातून, कोणाच्या हातून आणि केव्हा आला याची अशी लेखी साखळी नसेल, तर पुढे कोणताही अभ्यासक त्या कागदावर विसंबत नाही.

सुरुवातीचे दोन महिने मी काहीही वाचले नाही, फक्त कागद सांभाळायला शिकलो. घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत. टीपकागदाच्या दोन थरांत ठेवून वर वजन ठेवले की आठ-पंधरा दिवसांत कागद आपसूक सरळ होतो. चिकटपट्टी, स्टेपलर आणि लॅमिनेशन हे तिन्ही कागदाचे वैरी आहेत. लॅमिनेशनने तर कागद कायमचा मरतो, आणि दुर्दैवाने आपल्याकडे जुनी सनद सापडली की लोक आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिला तेच करतात. प्रत्येक कागदाला वेगळा आम्लरहित लिफाफा केला, क्रमांक लिफाफ्यावर शिसपेन्सिलीने लिहिला आणि कागद ज्या क्रमाने गाठोड्यात होते तो क्रम मोडला नाही. पुण्याहून मागवलेल्या लिफाफ्यांना व पेटीला मिळून तीन हजार आठशे रुपये लागले. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने कागदाला त्यापासून फार भय नाही. भय आहे ते श्रावणातल्या दमट हवेचे आणि वाळवीचे, म्हणून पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकू देत नाही.

मोडीसाठी दिवाळीच्या सुटीत प्रशिक्षण वर्ग केला. शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातर्फेही असे वर्ग भरतात, त्यांची चौकशी अवश्य करावी. मोडीत लिहिणारा आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढतो आणि मग अक्षरे तिला लटकवत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वर्गातला नमुना वाचता आला म्हणून घरचे कागद वाचता येत नाहीत. आमच्या कुलकर्ण्याच्या हाताला सवय होईपर्यंत मला आणखी चार महिने लागले. रोज रात्री जेवणानंतर एक तास, एक ओळ, कधी दोन ओळी. पहिला पूर्ण लागलेला कागद जमिनीच्या वाटणीचा होता आणि त्याखाली नांगर होता, तीन रेघांत काढलेला, रुमणे किंचित वाकडे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

इंग्रजी कागद मात्र अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. प्रकाशासमोर धरल्यावर त्यात विलायती गिरणीचे जलचिन्ह आणि 1859 हे वर्ष दिसले. असे वर्ष मिळाले की कागद त्याआधीचा असू शकत नाही, एवढे पक्के होते. मजकुरावर तारीख होती 24 फेब्रुवारी 1862. मोमिनाबादच्या छावणीतील एका अधिकाऱ्याने तालुक्याच्या कारभाऱ्याला घोडदळासाठी कडब्याच्या दोन हजार पेंढ्या पाठवण्याविषयी लिहिले होते, आणि पाठीमागे कारभाऱ्याने गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना मोडीत हुकूम लिहून तोच कागद गावाकडे धाडला होता. लोहयुक्त शाईने लिहिलेले इंग्रजी तपकिरी पडून फिकटले आहे. काजळीच्या शाईचे मोडी आजही काळेभोर आहे.

अडचण सनाची आली. मोडी मजकुरात माघ वद्य आणि फसली, म्हणजे महसुली, सन 1271 होता. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो असे मी शिकलो होतो, म्हणून 1861 आले आणि दोन्ही बाजूंत एका वर्षाची तफावत पडली. दोन आठवडे मी कागदाच्या खरेपणावरच शंका घेत राहिलो. शेवटी मोडीच्या वर्गातल्या गुरुजींनी फोनवर समजावले की फसली वर्ष मृगात, जूनमध्ये सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मे या महिन्यांसाठी 591 मिळवावे लागतात. 1271 अधिक 591 म्हणजे 1862. दोन्ही बाजू जुळल्या. ही एकच गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर ते दोन आठवडे वाचले असते. पुढे हैदराबाद राज्यात फसली वर्षाचा आरंभ ऑक्टोबरात नेला गेला, हेही नंतरचे कागद वाचताना लक्षात ठेवावे.

अधिकाऱ्याची सही म्हणजे नुसता एक फराटा होता. ती लावायला चार महिने गेले. त्या काळी दरवर्षी छापल्या जाणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या याद्या आता डिजिटल ग्रंथालयांत मोफत वाचता येतात. कंटिंजंटच्या घोडदळाच्या पानांवरील प्रत्येक आडनाव सहीशेजारी ठेवून पाहिले. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही मोफत नोंदणी करून शोध घेतला. ज्याचे नाव जुळले तो इतिहासात कोठेही न गाजलेला अधिकारी आहे. त्याची सही विकायला काढली तर पाचशे रुपयेही येणार नाहीत. पण पत्र, पाठीमागचा हुकूम आणि त्याच गाठोड्यातली त्या गावची त्याच सालची इतर पाने एकत्र ठेवली, तर एका छावणीच्या घोड्यांचे पोट कोणत्या शेतांवर चाले ते दिसते. सही कापून घेतली असती तर पाठीमागचा हुकूमही मधोमध कापला गेला असता.

जुलै 2024 मध्ये कायद्याकडे वळलो. खरे तर हे काम पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. पुरावशेषांविषयीचा 1972 चा केंद्रीय कायदा हस्तलिखिते आणि ऐतिहासिक दस्तऐवजांना 75 वर्षे पूर्ण झाली की पुरावशेष मानतो. इतर वस्तूंसाठी ही मुदत 100 वर्षांची आहे. असा कागद खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातील गिऱ्हाईक कितीही पैसे देत असले तरी तो विषय तिथेच संपतो. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. सक्तीची नोंदणी ठरावीक प्रकारांना आहे. हस्तलिखितांपैकी चित्रे, नक्षी किंवा सजावट असलेली त्यात येतात. माझे कागद साधे असल्याने त्यांना ती लागत नाही असे वाटत होते, तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संभाजीनगर येथील कार्यालयात छायाचित्रांसह अर्ज देऊन पोच घेतली. अर्जाची एक प्रत, पोच, पावती आणि संमतिपत्र आता एकाच फायलीत आहेत. तुमच्याकडे सचित्र पोथी असेल तर मात्र नोंदणीला उशीर करू नका.

कायदा वाचतानाच मला कागद क्रमांक 17 आणि 18 यांच्या कोपऱ्यातील जांभळ्या गोल शिक्क्याचा अर्थ लागला. हे दोन्ही कागद गाठोड्यातील सर्वांत देखणे होते. जाड, घोटून गुळगुळीत केलेला हातकागद, आमच्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होई तसा. शिकस्त, म्हणजे भराभर जोडून लिहिलेल्या, वळणाचे फारसी, आणि खाली अव्वल तालुकदाराची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची, सही व मोहर. संभाजीनगरातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ते वाचून दिले आणि मोबदला म्हणून केवळ चहा घेतला. गोल शिक्का सरकारी दप्तरखान्याचा होता, शेजारी फाइलीचा क्रमांक होता. म्हणजे हे कागद कोणाच्या घरचे नव्हते. ते कधीतरी सरकारी दप्तरातून बाहेर पडून त्या वाड्यात आले होते.

तीन आठवडे मी कोणालाच काही बोललो नाही. साडेसहा हजारांची खोटी सही घेऊन सुरू झालेल्या शोधात पहिल्यांदा एका मोठ्या अधिकाऱ्याची खरी सही हाती आली होती, आणि ती ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. शेवटी बायको म्हणाली, "ते सतरा-अठरा काढून बघितल्याशिवाय तुम्ही झोपत नाहीत, अन् बघितल्यावरही झोपत नाहीत. देऊन टाका." 12 नोव्हेंबर 2024 रोजी ते मूळ स्वरूपात शासकीय अभिलेखागाराकडे सुपूर्द केले. देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे उच्च दर्जाचे स्कॅन काढले, लांबी-रुंदी मोजून नोंदवली आणि देणगीपत्रात कागद कोठून मिळाले ते तपशीलवार लिहिले. पोच मिळायला दोन खेपा घालाव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला संबंधित कारकुनांनी स्वतः शिक्का मारून हातात दिली. ती पोच आता लिफाफा क्रमांक 17 मध्ये ठेवली आहे, म्हणजे गाठोड्याचा क्रम अखंड राहिला.

उरलेल्या 39 पैकी 33 कागद मे 2025 पर्यंत वाचून झाले. नळदुर्गच्या बाजूची 1856 सालची एक पावतीही त्यात निघाली. ती कंपनी सरकारच्या नावाची कशी, याचा उलगडा तहांमधून झाला: तो मुलूख 1853 च्या तहाने इंग्रजांकडे गेला होता आणि 1860 मध्ये निजामाकडे परत आला. आमच्या गाठोड्यात ती पावती का आली, ते अजून शोधतो आहे.

कबूल केल्याप्रमाणे 25 मे रोजी आजींकडे गेलो. पत्राचे रंगीत छापील चित्र बरोबर होते. ओसरीवर बसून मी आधी मोडी हुकूम वाचला, मग इंग्रजी मजकूर मराठीत सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकले. दोन हजार पेंढ्या म्हटल्यावर त्यांनी विचारले, "साल कसं होतं ते?" मी फेब्रुवारी, माघ महिना असे सांगितले. "म्हणजे शाळू निघायच्या येळंला," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "मग दिले का पैसे त्यांनी कडब्याचे?"

हुकुमात दराचा उल्लेख नाही, आणि पैसे पोचल्याची पावती वाचलेल्या 33 कागदांत नाही. सहा कागद अजून लागायचे आहेत. त्यांपैकी दोहोंवर फसली 1271 हा आकडा मला दिसला आहे. ते वाचून पुन्हा येतो, असे आजींना सांगून आलो आहे.